गोऱ्याचा कोट

उरण नाक्यावरून आत वळलं की तिसऱ्या गाळ्यात आशालता बसते. पाटीवर ‘चेन, रनर, बॅग, पर्स, लेदर रिपेअर’ एवढंच लिहिलंय. खरं काम पाटीवर नाहीच. तळोज्याच्या एका कारखान्यात, परदेशी जाणारी चामड्याची जाकिटं तपासायच्या टेबलावर तिने चोवीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला, टेबल भंगारात गेलं, पण बोटं तेवढी तिच्याबरोबर घरी आली. कातड्यावरून अंगठा फिरवला की जनावर कोणतं, वयाने केवढं, अंगाचा कोणता भाग, हे ती चहा पिता पिता सांगते. वडील जुन्नरकडचे, पिढ्यान् पिढ्या कातडी कमावणारे. बापाने कातडी कमावली, लेकीने ती वाचली. लोक म्हणतात बाईला गर्व आहे. ती म्हणते गर्व नाही, खात्री आहे. या दोहोंत फरक काय, हे तिला विचारायची अजून कोणाची टाप झालेली नाही.

ऑक्टोबरातल्या एका भर दुपारी तिच्या काउंटरवर एक पिशवी आपटली गेली. समोर सत्त्याहत्तर वर्षांच्या शकूबाई उभ्या होत्या. काष्ट्याचं लुगडं, नाकात नथ, पायात नातीचे स्पोर्ट शूज. नात भाविका मागे गाडीची किल्ली बोटात फिरवत उभी होती. पिशवीतून निघाला एक कातड्याचा कोट, वर्षानुवर्षांच्या खोबरेलाने काळाकुट्ट झालेला. विमानवाले घालायचे तशा घाटाचा, आखूड, कमरेपाशी आवळलेला.

आशालताचा एक नियम आहे. आधी वस्तू, मग गोष्ट. गिऱ्हाइकाने गोष्ट आधी सांगितली की बोटांना तेच लागायला लागतं जे कानांनी ऐकलंय. पण शकूबाईंपुढे नियम चालेना. त्या स्टुलावर बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि सुरू झाल्या.

शकूबाईंचं गाव विमानतळात गेलं. माणसं करंजाड्याच्या बाजूला नव्या प्लॉटांवर बंगले बांधून राहिली, आणि गाव विसरायला नको म्हणून समाजमंदिराच्या एका खोलीत जुन्या वस्तू मांडायचं ठरलं. मिठागराची अवजारं, जाळी, जात्यापासून हंड्यांपर्यंत सगळं गोळा झालं होतं. रविवारी उद्घाटन. आणि त्या खोलीतली सगळ्यात मानाची वस्तू म्हणून कमिटीच्या हरेशने मागितला होता हा कोट, शकूबाईंच्या बापाचा.

या कोटाला बट्टा होता. लढाईच्या दिवसांत खाडीपलीकडच्या चिखलात एक विमान पडलं, असं गाव सांगतं. शकूबाईंचे वडील जगन तेव्हा कल्याणकडे, विमानं उतरायची त्या माळावर हमालीला होते. विमान पडलं त्याच महिन्यात ते घरी आले, तेही अंगात असला कोट घालून. गाव बसलं. हरेशचा आजा पंचांमध्ये मुख्य होता. त्याने विचारलं, “कोनाचा रं ह्यो कोट?” जगनने मान खाली घातली आणि म्हणाला, “गोऱ्याचा हाय. मेलेला व्हता, मी नाय मारला.”

झालं. मेलेल्या गोऱ्याच्या अंगावरून कोट उतरवला, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं, असा निकाल तिथल्या तिथे लागला. वर्षभर जगनच्या घरचं पाणी कोणी प्यायलं नाही. पुढे वाळीत टाकणं संपलं, पण ते वाक्य संपलं नाही. गावात म्हणच पडली. पोर दुसऱ्याच्या झाडाचा आंबा खाताना सापडलं की हसत म्हणायचं, “मेलेला व्हता, मी नाय मारला.” शकूबाई या प्रकारानंतर तीन वर्षांनी जन्मल्या. शाळेत, विहिरीवर, लग्नातल्या उखाण्यांतसुद्धा त्यांनी ते वाक्य ऐकलं. बापाने तो कोट पुन्हा कधी अंगात घातला नाही आणि टाकूनही दिला नाही. आई दर गणपतीआधी त्याला मुकाट्याने तेल लावायची.

आता हरेशने पाटीचा मजकूर पाठवला होता. भाविकाने फोनवरून वाचून दाखवला: “दुसऱ्या महायुद्धात आपल्या खाडीत कोसळलेल्या विमानातील गोऱ्या वैमानिकाचे जाकीट. कै. जगन यांनी मृतदेहावरून काढून आणले.” हरेशच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या मते ऐंशी वर्षांनी चोरी ही चोरी राहत नाही, इतिहास होते. वर त्याने खारघरच्या अपूर्व नावाच्या एका हौशी माणसाला फोटो पाठवून लेखी मतही आणवलं होतं: अमेरिकी वैमानिकाचं जाकीट, ए-टू घाट, घोड्याचं कातडं, अस्सल. पाटी संध्याकाळी छापायला जाणार होती.

“बाय, मना खरा सांग,” शकूबाई म्हणाल्या. “बा चोर असला तं मी सोता ती पाटी लावीन. नसला तं लावू देनार नाय. पन उगाच मना बरा वाटावा म्हनून काय बोलू नको.”

आशालताला ही बाई एकदम आवडली. बरं वाटावं म्हणून बोलणं तिला तसंही जमत नसे.

तिने कोट टेबलावर पालथा घातला आणि पहिल्याच नजरेत अपूर्वचं प्रमाणपत्र निकालात काढलं. ए-टू घाटाची नक्कल तळोज्याला तिच्या हाताखालून हजारोंनी गेली होती, परदेशातल्या हौशी लोकांसाठी. त्या घाटाची पाठ म्हणजे एकसंध कातडं, मधे जोड चालत नाही. इथे पाठीच्या मधोमध सरळ शिवण होती. कॉलर उलटली तर टोकांखाली लपवलेली प्रेस बटणं हवीत, ती नव्हती, आणि कधी असल्याची भोकंही नव्हती. मानेजवळ फौजेची चिठ्ठी नाही, ती उसवल्याचे टाकेही नाहीत. कॉलरची आतली बाजू चक्क खाकी कापडाची.

चेनवरून मात्र कोणीही फसलं असतं. पितळी, जुनी, भारदस्त. आशालताने तिच्यामागची पट्टी नखाने उचलली, तर आत बटणांची जुनी काजं सापडली, हाताने शिवून बुजवलेली. आधी इथे बटणं होती, तिने सांगितलं, चेन बरीच नंतरची आहे. शकूबाई म्हणाल्या की हो, थोरल्या भावाने सत्तर-एकाहत्तर साली एका वरातीत मिरवायला बसवून घेतली होती, आणि वरातीतच कोणीतरी ते वाक्य म्हटलं म्हणून अर्ध्या वाटेवरून घरी आला होता.

शिवण मशीनची नव्हती. खोगीर शिवणारे करतात तशी दोन सुयांची, दोन्ही बाजूंनी ओढलेली, टाका न् टाका सारखा. “कारखान्यातला नाही हा,” आशालता म्हणाली. “कोणा कसबी माणसाने विमानवाल्यांचा कोट डोळ्यांनी पाहून हाताने बेतलाय. घाट उचललाय, आतल्या खुब्या त्याला ठाऊक नाहीत.”

शकूबाईंनी श्वास सोडला, पण लगेच पुन्हा ताठ झाल्या. एखाद्या गोऱ्यानेच असा शिवून घेतला असेल तर, त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. फौजेतली माणसं बाजारातून कोट शिवून घेत, हे आशालतालाही ठाऊक होतं.

तिने टेप काढली. खांदे पंधरा इंच, बाही बावीस. मग टेप ठेवून दिली आणि वडिलांची उंची विचारली. माझ्याएवढेच, शकूबाई म्हणाल्या, अंगानेही असेच काटकुळे.

“मग घाला.”

शकूबाई मागे सरकल्या. हा कोट त्यांनी सत्त्याहत्तर वर्षांत कधी अंगाला लावला नव्हता. लहानपणी त्याच्या खालून जातानासुद्धा त्या खुंटीकडे बघत नसत. भाविका म्हणाली, आजी, घाल तर. तेव्हा त्यांनी लुगड्याचा पदर खोचला आणि एकेक हात आत सरकवला. कोट त्यांच्या खांद्यावर असा बसला की आशालताने समाधानाने नुसती मान हलवली. बाही मनगटावर संपली, कंबर कमरेवर. कुठल्याही उंचापुऱ्या गोऱ्याचं त्यात डोकंसुद्धा गेलं नसतं.

“तुमच्या वडिलांच्या मापाचा आहे, मावशी. त्यांच्यासाठीच बेतलेला.”

आनंद व्हायला हवा होता. शकूबाईंचे डोळे भरलेही, पण त्या हट्टी बाईने मान हलवली. “तुजा सगला पटतंय, बाय. पन बा सोता बोलला ना. पंचांच्या समोर. गोऱ्याचा हाय म्हनून. मानूस आपल्या तोंडानं आपल्यावर खोटा आळ घील काय?”

आशालता चिडली. शकूबाईंवर नाही, त्या मेलेल्या जगनवर. बोटं एक सांगतायत आणि माणूस दुसरं बोलून गेलाय, असं तिच्या टेबलावर कधी झालं नव्हतं. तिने शकूबाईंना कोट काढायला लावला, खिशाची झडप वर केली आणि डोळ्याला भिंग लावलं. झडपेखाली ना ऊन पोचलं होतं ना खोबरेल. तिथे कातड्याचा मूळ रंग शाबूत होता, बाभळीच्या सालीत कमावलेल्या मालाचा तांबूस तपकिरी. घोडा नाहीच, ते तिला घडी पाडून बघतानाच कळलं होतं. घोड्याच्या कातड्यावर घडी ढोबळ आणि खोल पडते. बकराही नाही; बकऱ्याच्या केसांची छिद्रं ओळीने, खवल्यांसारखी लागतात. इथे छिद्रं बारीक रव्यासारखी, दाट आणि सगळीकडे सारखी होती. गाईच्या जातीचं, आणि कोवळं.

मग शकूबाईंना विचारून तिने अस्तराचे चार टाके उसवले आणि कातड्याची आतली बाजू बघितली. बघितली आणि बराच वेळ बघत राहिली. फांद्यांसारख्या बारीक काळपट रेषा कातडंभर पसरल्या होत्या. पाठीच्या दोन्ही तुकड्यांवर त्या एकमेकींना जुळत होत्या. म्हणजे सगळा कोट एकाच जनावरात बसवला होता. लहान जनावर, पुरेना, म्हणून पाठीला जोड आणि कॉलरला खाकी.

आशालताने सवयीने चिठ्ठी ओढली. तळोज्याची खोड. जनावर, वय, प्रत, असं लिहायचं आणि लिहिताना मोठ्याने म्हणायचं.

“गोऱ्हा,” ती म्हणाली. “वय दीड वर्ष. फार तर पावणेदोन.”

शकूबाईंचा चेहरा पडला. “म्हंजे गोराच ना शेवटी,” त्या हळूच म्हणाल्या. मग कपाळाला आठी पडली. “पन दीड वर्साचा पोर कोन इमानात बसवंल?”

भाविकाला हसू फुटलं आणि तिने ते तोंडावर हात धरून दाबलं. आशालता हसली नाही. तिच्या हातातलं पेन चिठ्ठीवर तसंच राहिलं. तिने भिंग काढून बाजूला ठेवलं.

“मावशी, तुमच्या गावात गाईच्या वासरातला नर, जरा मोठा झालेला, त्याला काय म्हणतात?”

“पाडा.”

“आमच्याकडे, घाटावर, त्याला गोऱ्हा म्हणतात.”

“गोरा?”

“गोऱ्हा. मधे ह आहे.”

“त्याच बोलतंय मी. गोरा.”

बाहेर रिक्षावाले उरण, उरण ओरडत होते. शकूबाईंच्या गावात ‘ह’ला कधी कोणी थारा दिला नाही. आम्ही म्हणजे आमी, नाही म्हणजे नाय. तिथल्या तोंडात गोऱ्हा आणि गोरा एकच होणार, यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच की हा शब्द त्या गावचा नव्हताच. कातडी धंद्यात मात्र तो रोजचा. कातडं कमावणारा किंवा कोट शिवणारा घाटावरचा असावा, त्याने मालाचं जे नाव सांगितलं तेच जगनने उचललं, असा आशालताचा अंदाज. अंदाज आहे हे तिने तसं सांगितलंही. पुढचं मात्र अंदाजाचं नव्हतं.

“ह्या रेषा बघा,” तिने कातड्याची आतली बाजू शकूबाईंसमोर धरली. “ह्या शिरा आहेत. जनावर कापलं की रक्त वाहून जातं, मग शिरा अशा दिसत नाहीत. हा गोऱ्हा कोणी कापलेला नाही. आपोआप मेला, मग त्याचं कातडं काढलं. ह्यावर मी सही करून देईन.”

शकूबाईंनी त्या रेषांवर बोट ठेवलं. ओठ हलत होते. भाविकाला वाटलं आजी देवाचं नाव घेतेय. पण त्या ते वाक्य म्हणत होत्या, एकेक शब्द सुटा करून, जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने.

“गोऱ्याचा हाय. मेलेला व्हता. मी नाय मारला.”

पंचांनी विचारलं होतं कोट कोणाचा. जगनला वाटलं, कातडं कोणाचं. तो हिंदू शेतकऱ्याचा पोरगा, गाईच्या पोटचं कातडं अंगावर घालून गावात आला होता. गाव बसलंय ते ह्याचसाठी, असं त्याने धरलं आणि घाबरून खरं ते सांगून टाकलं. गावाने धरलं भलतंच. वर्षभर गावाने त्याला मढ्यावरचा चोर म्हणून वाळीत टाकलं, आणि तो वासराच्या कातड्याची शिक्षा म्हणून मुकाट भोगत राहिला. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपलं बोलणं झालंय. कधी झालंच नव्हतं.

“बानं पाड्याला कवा काठी लावली नाय,” शकूबाई म्हणाल्या. “सगले पाडे नांगराला शिकवायला मारून मारून सरल करायचे. बा पयला त्याच्या पाया पडायचा, मंग जू ठेवायचा. आमी पोरा हसायचो. आई बोलायची, हसू नको, त्याचा काय तरी हाय.” मग त्यांना रडू आलं, आणि त्या लाजल्या नाहीत. स्टुलावर बसून, मांडीवर कोट घेऊन, चांगल्या भरपूर रडल्या. आशालताने मधे बोलून त्यात पाणी घातलं नाही. चहा मागवला.

चहा संपल्यावर शकूबाईंनी कोट पुन्हा अंगात घातला. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात, लुगड्यावर, चक्क. आणि भाविकाला म्हणाल्या, हरेशला फोन लाव, आवाज मोठा ठेव.

हरेशने फोन उचलला तो घाईत. पाटीवाला समोरच बसलाय, आत्या, पटकन बोल, म्हणाला.

“पाटी थांबव. चुकीचा लिवलास. कोट गोऱ्याचा नाय, गोऱ्याचा हाय.”

हरेश जपून म्हणाला की आत्या, तेच तर लिहिलंय. शकूबाईंनी आवाज चढवला. तसा गोरा नाय रं, गोरा! हरेशने विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना, बरोबर कोणी आहे का. आशालता पुढे झाली आणि फोन मागू लागली, पण शकूबाईंनी हाताने तिला थांबवलं. हे त्यांनाच सांगायचं होतं. त्यांनी डोळे मिटून तोंडात तो ‘ह’ दोनदा घोळवून पाहिला. येईना. मग त्यांनी त्याचा नाद सोडला.

“पाड्याचा,” त्या म्हणाल्या. “गाईच्या पाड्याचा कातडा हाय. मेलेल्या पाड्याचा. घाटावर पाड्याला गोरा बोलतात. बा त्याच सांगत व्हता तुज्या आज्याला.”

हरेश काही मूर्ख नव्हता. ते वाक्य त्यानेही लहानपणी शंभरदा म्हटलं होतं, आंबे खाताना आणि पत्त्यांत फसवताना. पलीकडे पाटीवाला विचारत होता, साहेब, मजकूर फायनल ना, आणि हरेश त्याला म्हणत होता, गप बस जरा. मग तो आत्याशी बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. काय लिहू, त्याने विचारलं, तू सांग तसं लिहितो.

शकूबाईंनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवला.

“लिव, ह्यो कोट जगनचा हाय. त्यानं आपल्या मापाचा शिवून घेतला व्हता. न् खाली लिव, तो खरा बोलला, आमी नीट आयकला नाय.”

हरेशने अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. आशालताला पेन कागदावर घासल्याचा आवाज ऐकू येत होता. मग तो म्हणाला की आत्या, ‘आमी’ म्हणजे कोण, ते खाली नावानिशी घालतो. माझ्या आज्याचं घालतो, तोच पंच होता.

“सगल्यांचा घाल,” शकूबाई म्हणाल्या. “मी पन त्याच्या घरात वीस वर्सा वाढली, न् एकदा नाय इचारला, बा, कोनता गोरा. पयला माजा लिव.”